मार्क डोनाह्यू

मार्क नीअरी डोनाह्यू, ज्युनियर (१८ मार्च, १९३७:हॅडन टाउनशिप, न्यू जर्सी, अमेरिका - १९ ऑगस्ट, १९७५:ग्रात्स, ऑस्ट्रिया) हे अमेरिकन मोटारशर्यतपटू आणि यंत्र अभियंता होते. शर्यतीची गाडी स्वतः चालवणे आणि तिच्यात कोणते बदल करायचे याची आखणीही स्वतःच करणे, ही दोन्ही कामे तितक्याच अधिकाराने पार पाडणाऱ्या मोजक्या चालकांमध्ये त्यांची गणना होते. १९७२ साली त्यांनी इंडियानापोलिस ५०० ही शर्यत जिंकली, तर १९७३ साली पोर्शे ९१७/३० या टर्बोचार्जरयुक्त गाडीतून कॅन-ॲम मालिकेचे विजेतेपद मिळवले. पोर्शेच्या टर्बो इंजिनाला शर्यतीच्या वळणदार मार्गावर चालवण्याजोगे करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. रॉजर पेन्स्के यांच्या संघाशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे. ऑस्ट्रियन ग्रांप्रीच्या सरावात झालेल्या अपघातानंतर वयाच्या ३८व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

सुरुवातीचे जीवन आणि शिक्षण

डोनाह्यू यांचे बालपण न्यू जर्सी राज्यातील समिट या गावी गेले. पिंग्री शाळेतून शालेय शिक्षण पूर्ण करून त्यांनी ऱ्होड आयलंड राज्यातील प्रॉव्हिडन्स येथील ब्राउन विद्यापीठात प्रवेश घेतला. १९५९ साली त्यांनी तेथून यंत्र अभियांत्रिकीची पदवी मिळवली.

विद्यापीठातील शेवटच्या वर्षात, वयाच्या २२व्या वर्षी, त्यांनी आपली १९५७ सालची शेव्हरोले कॉर्व्हेट गाडी घेऊन न्यू हॅम्पशायरमधील एका डोंगरचढ शर्यतीत भाग घेतला. ही त्यांची पहिलीच स्पर्धा होती आणि ती त्यांनी जिंकली. त्यानंतर नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी शर्यतीत उतरणाऱ्या हौशी चालकांच्या वर्तुळात ते वावरू लागले.

हौशी शर्यती

अमेरिकेतील हौशी शर्यतींचे आयोजन स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका ही संस्था करत असे. १९६१ साली एल्व्हा कुरियर या लहान ब्रिटिश गाडीतून डोनाह्यू यांनी या संस्थेचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. १९६५ साली शेल्बी मस्टँग जीटी३५० आणि लोटस २० या अगदी वेगळ्या प्रकारच्या दोन गाड्यांतून त्यांनी एकाच वर्षी दोन गटांची राष्ट्रीय विजेतेपदे पटकावली.

याच काळात वॉल्ट हान्सगेन या अनुभवी चालकाने त्यांची गुणवत्ता हेरली. १९६५ साली सेब्रिंग येथील १२ तासांच्या शर्यतीत हान्सगेन यांनी त्यांना आपले सहचालक म्हणून घेतले. फेरारी गाडीतून या जोडीने ११वे स्थान मिळवले. १९६६ साली फोर्ड जीटी४० मार्क २ या गाडीतून हीच जोडी डेटोना येथील २४ तासांच्या शर्यतीत तिसरी आणि सेब्रिंग येथे दुसरी आली. त्या वर्षीच्या एप्रिल महिन्यात ल मान्स येथील चाचणीत हान्सगेन यांना अपघात झाला व त्यात त्यांचा मृत्यू झाला. डोनाह्यू यांच्या कारकिर्दीवर अपघाताची पहिली गडद सावली पडली ती येथे. हान्सगेन यांच्या अंत्यविधीच्या वेळी रॉजर पेन्स्के यांनी त्यांच्याशी आपल्या संघासाठी गाडी चालवण्याविषयी बोलणे केले.

पेन्स्के संघात

रॉजर पेन्स्के हे स्वतः पूर्वाश्रमीचे यशस्वी शर्यतपटू होते आणि आता संघमालक म्हणून जम बसवत होते. त्यांच्यासाठीची डोनाह्यू यांची पहिली शर्यत १९६६च्या जून महिन्यात वॉटकिन्स ग्लेन येथे झाली. या शर्यतीत त्यांच्या लोला टी७० गाडीला अपघात होऊन ती पूर्णपणे नष्ट झाली. नव्या चालकाच्या दृष्टीने ही अशुभ सुरुवात होती. तरीही पेन्स्के यांनी त्यांना संघात कायम ठेवले. त्याच वर्षी सुरू झालेल्या कॅन-ॲम मालिकेत डोनाह्यू यांनी मोस्पोर्ट येथील शर्यत जिंकली आणि जॉन सर्टीस यांच्यामागे दुसरे स्थान मिळवले.

१९६७ साली लोला टी७० मधून त्यांनी युनायटेड स्टेट्स रोड रेसिंग चॅम्पियनशिप या मालिकेतील सात शर्यतींत भाग घेऊन सहा जिंकल्या व विजेतेपद मिळवले. १९६८ साली मॅकलारेन एम६ए गाडीतून त्यांनी ते राखले. १९६७च्या ल मान्स शर्यतीत ब्रूस मॅकलारेन यांच्यासह ते चौथे आले. १९६९ साली चक पार्सन्स यांच्यासह लोला टी७० चालवून त्यांनी डेटोनाची २४ तासांची शर्यत जिंकली.

गडद निळ्या रंगाच्या, पिवळे पट्टे असलेल्या, कायम चकचकीत ठेवलेल्या गाड्या ही पेन्स्के संघाची ओळख बनली. या देखणेपणामागे तयारीची काटेकोर शिस्त होती. पेन्स्के पैसा, पुरस्कर्ते आणि डावपेच यांची बाजू पाहत; गाडीची तांत्रिक जबाबदारी बव्हंशी डोनाह्यू यांच्यावर असे. मृदू स्वभावामुळे त्यांना शर्यतीच्या वर्तुळात कॅप्टन नाइस असे टोपणनाव पडले होते. मात्र कार्यशाळेतील त्यांचे कामाचे तास सहकाऱ्यांना दमवणारे असत.

ट्रान्स-ॲम मालिका

ट्रान्स-ॲम ही बाजारात विकल्या जाणाऱ्या गाड्यांवर आधारलेली मालिका होती. या गाड्यांत मर्यादित फेरबदल करण्याची मुभा होती आणि म्हणूनच फेरबदलांची आखणी येथे निर्णायक ठरे. १९६७ साली पेन्स्के संघाने शेव्हरोले कॅमारो ही गाडी निवडली. पहिल्या हंगामात गाडी वळणांवर नीट बसत नव्हती आणि ब्रेक पुरे पडत नव्हते. डोनाह्यू यांनी अंदाजाने सुटे भाग बदलत बसण्याऐवजी मोजमापाचा मार्ग धरला. वर्तुळाकार चाचणीपट्टीवर गाडी ठरावीक त्रिज्येने फिरवून टायर किती बाजूबल सहन करतात ते मोजायचे, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि पुन्हा मोजायचे, अशी ही पद्धत होती. हंगामाच्या अखेरीस कॅमारोच्या खात्यावर तीन विजय जमा झाले.

१९६८ साली या तयारीचे फळ मिळाले. डोनाह्यू यांनी तेरापैकी दहा शर्यती जिंकल्या आणि शेव्हरोलेला उत्पादकांचे विजेतेपद मिळवून दिले. त्याच वर्षी सेब्रिंगच्या १२ तासांच्या शर्यतीत त्यांची कॅमारो खास शर्यतीसाठी बांधलेल्या पोर्शे गाड्यांच्या पाठोपाठ तिसरी आली. या शर्यतीसाठी संघाने एक वेगळीच सोय केली होती. ब्रेकचे झिजलेले पॅड बदलताना दट्टे मागे ढकलण्यात वेळ जाई. त्याऐवजी निर्वात दाबाने ते मागे ओढून घेण्याची यंत्रणा बसवण्यात आली. त्यामुळे पॅड बदलण्याचा वेळ मोठ्या प्रमाणावर वाचला. इंधन लवकर भरावे म्हणून पुढे उंच मनोऱ्यावर टाकी बसवण्याची युक्तीही संघाने योजली.

काही फेरबदल नियमांच्या काठावरचे, तर काही काठाबाहेरचे होते. गाडीचा पत्र्याचा सांगाडा आम्लात बुडवून त्याची जाडी कमी केली जाई. अशा गाडीचे वजन कमी होई आणि नियमानुसार भरायचे वजन हवे तेथे, म्हणजे खाली, ठेवता येई. पातळ झालेल्या छताच्या सुरकुत्या दिसू नयेत म्हणून १९६९च्या कॅमारोवर व्हिनाइलचे आवरण चढवण्यात आले. या प्रकारांबद्दल प्रतिस्पर्ध्यांनी आक्षेप घेतले. डोनाह्यू यांनी पुढे आपल्या पुस्तकात ही हकिकत आडपडदा न ठेवता सांगितली आहे.

१९६९ साली शेव्हरोलेचे विजेतेपद राखल्यानंतर पेन्स्के संघाने १९७० साली अमेरिकन मोटर्स या तुलनेने लहान कंपनीशी करार केला. जॅव्हलिन या गाडीच्या मागच्या बाजूला हवेचा दाब मिळवून देणारा स्पॉइलर हवा होता. पण नियमानुसार तो विक्रीच्या गाड्यांवरही असणे आवश्यक होते. त्यासाठी कंपनीने डोनाह्यू यांनी आखलेला स्पॉइलर आणि त्यांची स्वाक्षरी असलेल्या सुमारे २,५०० गाड्या बाजारात आणल्या. १९७० साली जॅव्हलिनने तीन, तर १९७१ साली सात शर्यती डोनाह्यू यांच्या हातून जिंकल्या आणि अमेरिकन मोटर्सला उत्पादकांचे विजेतेपद मिळाले. ट्रान्स-ॲममध्ये डोनाह्यू यांनी एकूण २९ विजय मिळवले.

इंडियानापोलिस ५००

१९६९ साली डोनाह्यू प्रथमच इंडियानापोलिस ५०० शर्यतीत उतरले आणि सातवे येऊन त्या वर्षीचे सर्वोत्तम नवोदित ठरले. १९७० साली ते दुसरे आले. १९७१ साली मॅकलारेन एम१६ या नव्या गाडीतून त्यांनी सुरुवातीपासून आघाडी घेतली होती. परंतु गिअरपेटी निकामी झाल्याने त्यांना माघार घ्यावी लागली. त्याच वर्षी ३ जुलै रोजी पोकोनो येथे प्रथमच भरलेली ५०० मैलांची शर्यत मात्र त्यांनी जिंकली.

या काळात इंडियानापोलिसच्या गाड्यांमध्ये ऑफनहाउसर हे चार सिलिंडरांचे टर्बोचार्जरयुक्त इंजिन मोठ्या प्रमाणावर वापरले जात असे. लंबवर्तुळाकार मार्गावर इंजिनाची गती फारशी उतरत नाही, त्यामुळे टर्बोचार्जर कायम फिरता राहतो. १९७२ साली पंखांच्या वापराला मोकळीक मिळाल्याने वेगात प्रचंड वाढ झाली. पात्रता फेरीतील सर्वोच्च सरासरी वेग एका वर्षात ताशी सुमारे २८८ किलोमीटरवरून ३१५ किलोमीटरवर गेला.

२७ मे १९७२ रोजी झालेल्या शर्यतीत डोनाह्यू यांचे संघसहकारी गॅरी बेटनहाउसन यांनी बराच काळ आघाडी राखली होती. पण शेवटच्या टप्प्यात त्यांच्या इंजिनात बिघाड झाला. डोनाह्यू यांनी २०० फेऱ्यांपैकी फक्त शेवटच्या १३ फेऱ्यांत आघाडी घेतली आणि शर्यत जिंकली. त्यांचा ताशी १६२.९६२ मैलांचा (सुमारे २६२ किलोमीटर) सरासरी वेग हा या शर्यतीचा विक्रम होता आणि तो १९८४ पर्यंत टिकला. पेन्स्के संघाचा हा इंडियानापोलिस ५०० मधील पहिला विजय होय.

पोर्शे ९१७ आणि टर्बोचार्जर

पार्श्वभूमी

पोर्शे ९१७ या बारा सिलिंडरांच्या, हवेने थंड होणाऱ्या इंजिनाच्या गाडीने १९७० आणि १९७१ साली ल मान्सची शर्यत जिंकली होती. १९७२ पासून जागतिक मालिकेत तीन लिटरची मर्यादा येणार असल्याने ही गाडी तेथून बाद होणार होती. उत्तर अमेरिकेतील कॅन-ॲम मालिकेत मात्र इंजिनाच्या आकारावर बंधन नव्हते. तेथे आठ लिटरहून मोठी शेव्हरोले इंजिने वापरणाऱ्या मॅकलारेन संघाचे सलग पाच वर्षे वर्चस्व होते. पोर्शेच्या पाच लिटरच्या इंजिनाला त्यांची बरोबरी करणे शक्य नव्हते. सोळा सिलिंडरांचे मोठे इंजिन बांधण्याचा विचार मागे पडला आणि आहे त्याच इंजिनाला टर्बोचार्जर जोडण्याचे ठरले. पोर्शेने या मोहिमेसाठी पेन्स्के संघाशी करार केला आणि डोनाह्यू जर्मनीतील वायसाख येथील पोर्शेच्या संशोधन केंद्रात दाखल झाले. तेथे इंजिनाचे रचनाकार हान्स मेत्स्गर, टर्बोचे काम पाहणारे व्हॅलेंटिन शेफर आणि गाडीच्या सांगाड्याचे काम पाहणारे हेल्मुट फ्लेगल हे त्यांचे प्रमुख सहकारी होते.

टर्बोचार्जरची अडचण

टर्बोचार्जरमध्ये इंजिनातून बाहेर पडणारे गरम वायू एक चक्र फिरवतात. त्याच दांड्यावर बसवलेले दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये भरते. जास्त हवा आत गेल्याने जास्त इंधन जाळता येते आणि त्याच आकाराच्या इंजिनातून कितीतरी अधिक शक्ती मिळते. यात एक मूलभूत अडचण आहे. चालकाने ॲक्सिलरेटरवरील पाय उचलला की वायूंचा प्रवाह मंदावतो व चक्राची गती कमी होते. पुन्हा पाय दाबल्यावर ती वाढायला वेळ लागतो. हा विलंब संपताच शक्ती एकदम उसळून येते. लंबवर्तुळाकार मार्गावर हा दोष खपून जातो; परंतु वळणावळणांच्या मार्गावर चालकाला नेमक्या क्षणी नेमकी शक्ती हवी असते. वळणाच्या मध्यावर अचानक शेकडो अश्वशक्ती मागच्या चाकांवर आल्यास गाडी हातून सुटते.

सुरुवातीच्या चाचण्यांत ९१७ चे टर्बो इंजिन प्रचंड शक्ती देत होते, पण ती दोनच टोकांवर मिळत होती: एक तर काहीच नाही, नाही तर सगळी. चाचणीपीठावर कमाल गतीला आणि पूर्ण उघड्या झडपेला मोजलेले आकडे उत्तम होते. डोनाह्यू यांनी मात्र शर्यतीत चालक बहुतेक वेळ या दोन टोकांच्या मधल्या पट्ट्यात गाडी चालवतो याकडे लक्ष वेधले. कमी व मध्यम गतीला आणि अर्धवट दाबलेल्या ॲक्सिलरेटरला इंजिन कसे वागते ते मोजण्याचा त्यांनी आग्रह धरला. ते स्वतः चाचणीपीठावर अभियंत्यांबरोबर बसले. हवेचा दाब बदलेल त्याप्रमाणे इंधनाचे प्रमाण बदलावे यासाठी इंधन फवारणी पंपाच्या नियंत्रणात टप्प्याटप्प्याने सुधारणा करण्यात आल्या. जादा झालेला दाब मर्यादित ठेवणाऱ्या वेस्टगेट या झडपेकडेही बारकाईने लक्ष देण्यात आले. या कामानंतर गाडी पहिल्यांदा चालकाच्या पायाला विश्वासाने प्रतिसाद देऊ लागली. उरलेल्या विलंबाची भरपाई डोनाह्यू चालवण्याच्या पद्धतीतून करत. शक्तीची गरज पडण्याच्या काही क्षण आधीच ते ॲक्सिलरेटर दाबत, जेणेकरून वळण संपताना दाब तयार झालेला असे.

१९७२ चा हंगाम आणि अपघात

सुमारे १,००० अश्वशक्तीची पोर्शे ९१७/१० टर्बो १९७२च्या जून महिन्यात मोस्पोर्ट येथे प्रथम कॅन-ॲम शर्यतीत उतरली. डोनाह्यू यांनी सर्वांत पुढचे स्थान मिळवले व शर्यतीत आघाडीही घेतली. परंतु यांत्रिक अडचणीमुळे थांबावे लागून ते दुसरे आले.

पुढची शर्यत रोड अटलांटा येथे होती. तेथील चाचणीत वेगात असताना गाडीच्या मागच्या भागाचे आवरण निखळून उडाले. मागच्या चाकांवरचा हवेचा दाब एका क्षणात नाहीसा झाला आणि गाडी अनेकदा उलटून चक्काचूर झाली. डोनाह्यू यांच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली. त्यांच्या जागी जॉर्ज फॉलमर यांना बोलावण्यात आले. डोनाह्यू यांनी महिनोन् महिने खपून तयार केलेली गाडी चालवून फॉलमर यांनी रोड अटलांटाची शर्यत आणि पुढे मालिकेचे विजेतेपद मिळवले. आपल्या कष्टाचे फळ दुसऱ्याच्या हाती जाताना पाहणे डोनाह्यू यांना जड गेले. हंगामाच्या उत्तरार्धात परतल्यावर त्यांनी एडमंटन येथील शर्यत जिंकली.

पोर्शे ९१७/३०

१९७३ साठी पोर्शे आणि डोनाह्यू यांनी आधीच्या गाडीतील उणिवांपासून सुरुवात केली. ९१७/१० आखूड होती. वळणांवर चपळ असली तरी वेगवान सरळ पट्टीवर ती अस्थिर वाटे. पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर किती असावे हे ठरवण्यासाठी हे अंतर बदलता येईल अशी एक खास चाचणीगाडी बांधण्यात आली. अखेर ते सुमारे २.३ मीटरवरून २.५ मीटर करण्यात आले. गाडीचे नाक आणि शेपूट लांबवण्यात आले. त्यासाठीचे वायुगतिकीचे काम पॅरिसमधील सेरा या संस्थेच्या साहाय्याने झाले. इंजिनाचा आकार सुमारे ५.४ लिटर करण्यात आला. शर्यतीत ते साधारण १,१०० अश्वशक्ती देई. दाब वाढवून अल्पकाळासाठी १,५०० अश्वशक्तीपर्यंत जाणे शक्य होते. गाडीचे वजन जेमतेम ८५० किलोग्रॅमच्या आसपास होते. चालकासमोर टर्बोचा दाब कमीजास्त करण्याची कळ होती. सुरुवातीच्या फेऱ्यांत जास्त दाब वापरून आघाडी घ्यायची आणि नंतर तो उतरवून इंजिन व इंधन जपायचे, असे नियोजन तिच्यामुळे शक्य झाले.

हंगामातील पहिल्या दोन शर्यती निराशाजनक ठरल्या. मोस्पोर्ट येथे मागे पडलेल्या गाडीशी टक्कर झाली, तर रोड अटलांटा येथे इंधनगळतीमुळे डोनाह्यू यांना दुसऱ्या स्थानावर समाधान मानावे लागले. त्यानंतर वॉटकिन्स ग्लेन, मिड-ओहायो, रोड अमेरिका, एडमंटन, लगुना सेका आणि रिव्हरसाइड या उरलेल्या सहाही शर्यती त्यांनी जिंकल्या व विजेतेपद मिळवले. गाडीचे वर्चस्व इतके पूर्ण होते की मालिकेतील चुरसच संपली. १९७४ साठी आयोजकांनी इंधनाच्या वापरावर मर्यादा घातली. जागतिक तेलटंचाईच्या त्या काळात पोर्शे आणि पेन्स्के संघाने मालिकेतून अंग काढून घेतले आणि त्याच वर्षी मूळ कॅन-ॲम मालिका बंद पडली.

निवृत्ती आणि पुनरागमन

१९७३च्या जानेवारी महिन्यात डोनाह्यू यांनी अमेरिकन मोटर्सच्या मॅटाडोर गाडीतून रिव्हरसाइड येथील नॅसकार शर्यत जिंकली. पेन्स्के संघाचा नॅसकारमधील हा पहिला विजय होता. त्याच वर्षाच्या अखेरीस विविध मालिकांमधील नामवंत चालकांना एकसारख्या गाड्या देऊन त्यांच्यातील सर्वोत्तम ठरवणारी इंटरनॅशनल रेस ऑफ चॅम्पियन्स ही मालिका सुरू झाली. सर्वांना पोर्शे ९११ कॅरेरा आरएसआर गाड्या देण्यात आल्या होत्या. येथे कोणालाही स्वतःचे फेरबदल करण्याची मुभा नव्हती. डोनाह्यू यांनी चारपैकी तीन शर्यती जिंकून पहिले विजेतेपद मिळवले. त्यांचे यश केवळ उत्तम गाडीमुळे आहे, अशी शंका घेणाऱ्यांना हे पुरेसे उत्तर होते.

यानंतर त्यांनी चालक म्हणून निवृत्ती जाहीर केली आणि पेन्स्के संघाच्या व्यवस्थापनात काम सुरू केले. परंतु पेन्स्के यांनी फॉर्म्युला वनमध्ये संघ उतरवण्याचे ठरवल्यावर गाडी विकसित करू शकणाऱ्या चालकाची गरज भासली आणि १९७४च्या सप्टेंबर महिन्यात कॅनेडियन ग्रांप्रीत डोनाह्यू पुन्हा गाडीत बसले. फॉर्म्युला वन त्यांना अगदीच अपरिचित नव्हते. १९७१ साली कॅनेडियन ग्रांप्रीत मॅकलारेनमधून पदार्पण करताना ते तिसरे आले होते.

१९७५ चा हंगाम कठीण गेला. इंग्लंडमध्ये तयार झालेली पेन्स्के पीसी१ ही गाडी अपेक्षेप्रमाणे वेग देत नव्हती. मालिकेचे दौरे एकामागून एक असल्याने महिनोन् महिने चाचण्या करून गाडी सुधारण्याची त्यांची नेहमीची पद्धत येथे लागू पडत नव्हती. स्वीडिश ग्रांप्रीत ते पाचवे आले. हंगामाच्या मध्यावर संघाने मार्च ७५१ ही तयार गाडी विकत घेतली; तिच्यातून ब्रिटिश ग्रांप्रीत त्यांना पुन्हा पाचवे स्थान मिळाले. फॉर्म्युला वनमध्ये त्यांनी एकूण आठ गुण मिळवले.

टॅलाडेगा येथील विक्रम

९ ऑगस्ट १९७५ रोजी डोनाह्यू यांनी अलाबामा राज्यातील टॅलाडेगा येथील लंबवर्तुळाकार मार्गावर पोर्शे ९१७/३० चालवून बंदिस्त मार्गावरील वेगाचा विक्रम केला. त्यांचा सरासरी वेग ताशी २२१.१२० मैल, म्हणजे सुमारे ३५५.९ किलोमीटर होता. मूळ गाडी वळणदार मार्गासाठी बनवलेली होती. अखंड पूर्ण शक्तीवर धावताना टर्बोने दाबलेली हवा फार तापते. अशा हवेमुळे इंधनाचा अवेळी स्फोट होऊन दट्टे वितळण्याचा धोका असतो. यावर उपाय म्हणून सिलिंडरमध्ये जाण्यापूर्वी हवा थंड करणारे इंटरकूलर बसवण्यात आले. ९१७/३० च्या विकासातील हा डोनाह्यू यांच्या सहभागाचा शेवटचा टप्पा ठरला.

मृत्यू

१७ ऑगस्ट १९७५ रोजी, म्हणजे विक्रमानंतर आठच दिवसांनी, ऑस्ट्रियन ग्रांप्रीच्या सकाळच्या सरावात ऑस्टेरराइखरिंग मार्गावरील पहिल्या वेगवान वळणावर डोनाह्यू यांच्या मार्च गाडीचा टायर निकामी झाला. गाडी संरक्षक जाळ्या तोडून मार्गाबाहेर फेकली गेली. या अपघातात मार्गावरील एका स्वयंसेवकाचा मृत्यू झाला. डोनाह्यू यांच्या डोक्याला मार लागला होता. तरीही ते शुद्धीवर होते व त्यांची दुखापत किरकोळ असल्याचे सुरुवातीला वाटले. काही वेळाने डोकेदुखी वाढत गेल्याने त्यांना ग्रात्स येथील रुग्णालयात हलवण्यात आले. मेंदूतील रक्तस्रावामुळे ते कोमात गेले आणि १९ ऑगस्ट रोजी त्यांचे निधन झाले. समिट येथे त्यांचे दफन करण्यात आले. टायर निकामी होण्याच्या जबाबदारीवरून त्यांच्या वारसांनी लावलेला दावा ऱ्होड आयलंडमधील न्यायालयात अनेक वर्षे चालला.

कार्यपद्धती

पॉल व्हॅन व्हाल्केनबर्ग यांच्यासह लिहिलेले द अनफेअर ॲडव्हान्टेज हे डोनाह्यू यांचे पुस्तक १९७५ साली प्रसिद्ध झाले. प्रत्येक प्रकरणात एका गाडीची हकिकत, असे त्याचे स्वरूप आहे. यशांबरोबरच फसलेले प्रयोग आणि स्वतःच्या चुकाही त्यांनी त्यात नोंदवल्या आहेत. शर्यतीच्या गाड्यांच्या विकासावरील महत्त्वाच्या पुस्तकांत त्याची गणना होते.

त्यांच्या कामातून काही सूत्रे स्पष्ट दिसतात. गाडीची मूळ स्थिती मोजल्याशिवाय ते तिच्यात बदल करत नसत. अनेक बदल एकदम केल्यास कोणता उपयोगी पडला हे कळत नाही, म्हणून ते एका वेळी एकच बदल करत आणि त्याची नोंद ठेवत. इंजिनाची शक्ती वाढवताना ब्रेक, टायर, हवेचा दाब आणि तापमान यांचा विचार त्यासोबतच केला जाई. सर्वाधिक अश्वशक्तीपेक्षा चालकाला वापरता येईल अशी शक्ती त्यांना महत्त्वाची वाटे. ९१७ च्या इंधनव्यवस्थेवर त्यांनी घेतलेली मेहनत हे त्याचे ठळक उदाहरण आहे. मात्र रोड अटलांटा आणि ऑस्ट्रिया येथील अपघातांत निखळलेले आवरण आणि निकामी झालेला टायर हे दोन्ही घटक त्यांच्या आखणीच्या आवाक्याबाहेरचे ठरले.

वारसा

पोर्शेने कॅन-ॲममधील टर्बोचा अनुभव आपल्या इतर गाड्यांत वापरला. १९७४च्या ल मान्स शर्यतीत ९११ कॅरेरा आरएसआर टर्बो दुसरी आली आणि त्याच वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनात रस्त्यावर चालवण्याची ९११ टर्बो ही गाडी सादर झाली. वळणदार मार्गावर टर्बो इंजिन चालत नाही हा समज ९१७ च्या यशाने मोडून काढला. पुढील दशकात फॉर्म्युला वनमध्येही टर्बो इंजिनांचे युग आले.

डोनाह्यू यांच्या मृत्यूनंतर एका वर्षाने, १९७६ साली, ऑस्टेरराइखरिंग याच मार्गावर जॉन वॉटसन यांनी पेन्स्के संघाला फॉर्म्युला वनमधील पहिला आणि एकमेव विजय मिळवून दिला. १९९० साली डोनाह्यू यांचा इंटरनॅशनल मोटरस्पोर्ट्स हॉल ऑफ फेम तसेच मोटरस्पोर्ट्स हॉल ऑफ फेम ऑफ अमेरिका या दोन्ही सन्मानदालनांत समावेश करण्यात आला. त्यांचे पुत्र डेव्हिड डोनाह्यू हेही शर्यतपटू झाले. २००९ साली, म्हणजे वडिलांच्या विजयानंतर बरोबर ४० वर्षांनी, पोर्शे इंजिनाच्या गाडीतून डेटोनाची २४ तासांची शर्यत जिंकणाऱ्या संघात ते होते.